दावणीचा पंचनामा

दुधाळ गाय किंवा म्हैस पुरात गेली तर सरकारकडून ३७,५०० रुपये मिळतात. बैल गेला तर ३२,०००, वासराचे २०,०००, शेळी-मेंढीचे ४,०००, कोंबडीमागे १००. सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदी माढा, मोहोळ, करमाळ्यात आणि पलीकडे परांडा भागात घुसली, तेव्हापासून हे आकडे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. बाबा पशुसंवर्धन खात्यात पशुधन विकास अधिकारी होते, जिल्ह्याजिल्ह्यांत नोकरी करून निवृत्तीनंतर इथे स्थिरावले. माझा आतेभाऊ, आमचा दादा, माढा तालुक्यात सीनेकाठी गाई पाळतो. त्याच्या गोठ्यात नऊ जनावरं होती. पाच गाई आणि दोन कालवडी एका रात्रीत गेल्या.

दिवाळीनंतर आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तो मुंबईला आला आणि मामा-भाच्यांचं या पैशांवरून वाजलं. एकाने आयुष्यभर पंचनाम्यावर सह्या केल्या, दुसऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा पंचनामा करून घेतला. दोघांचं बोलणं नीट मांडावं असं मला वाटलं, कारण वर्तमानपत्रात आपण फक्त एकूण कोटी वाचतो.

सुरुवात बाबांनीच केली. "७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. एकोणतीस जिल्हे, २५३ तालुके. एवढ्या मोठ्या आपत्तीत तुझ्या गोठ्याची दखल घेतली गेली, हे तू मोजतच नाहीस."

"मोजतो की. पण मामा, दुसऱ्या वेताची एचएफ गाय आज बाजारात ऐंशी हजारांच्या खाली मिळत नाही. सदतीस हजारांत मला काय मिळणार? पाठ बसलेली, तीन सडांची."

"ती गाईची किंमत नाहीच. आपत्तीच्या निकषांत गेलेल्या वस्तूचा भाव कुणी देत नाही, पुन्हा उभं राहायला हातभार देतात. २०१५च्या निकषांत दुधाळ जनावराला ३० हजार होते, २०२२नंतर साडेसदतीस झाले. मागे जाऊन बघ. इंग्रजांनी १८८४मध्ये शेतकरी कर्जाचा कायदा केला. दुष्काळात बैल मेला की तगाई मिळायची, आणि ती व्याजासकट फेडायची. ते सरकार कर्ज देत होतं. आजचं सरकार परत मागत नाही."

"परत मागत नाही, खरं आहे. पण मला एक हिशेब करू द्या." दादाने आत्याच्या औषधांच्या चिठ्ठीची पाठ पुढे ओढली. "एक गाय दिवसाला अठरा लिटर. बत्तीस रुपये धरा. पावणेसहाशे रुपये झाले. सरकी पेंड, मका भरडा, मुरघास, औषधपाणी जाऊन हातात अडीचशे राहिले. नवी गाय आणून ती अठरा लिटरवर यायला सहा महिने जातात. म्हणजे एका गाईमागे पंचेचाळीस हजार मी फक्त थांबण्यात घालवले. तुमची मदत मेलेल्या गाईची. थांबलेल्या दुधाचं कुणी धरत नाही."

बाबा काही वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. त्यांना गणित मान्य होतं, मुद्दा नव्हता. "अरे, थांबलेल्या दुधाचे पैसे द्यायचे तर थांबलेल्या मजुरीचेही द्यायला हवेत, बंद पडलेल्या टपरीचेही. तिजोरी एकच आहे."

इथे मला दादाची बाजू घ्यावीशी वाटते. बंद टपरीचं शटर पाणी ओसरल्यावर उघडता येतं. दूध देणारी गाय म्हणजे दोन-अडीच वर्षं वासरू सांभाळून, कालवड गाभण राहून, ती विऊन मग सुरू होणारी गोष्ट. तेवढा काळ विकत घ्यायला पैसेच लागतात, आणि नेमके तेच त्या वेळी नसतात.

पण बाबांचा खरा आक्षेप वेगळा होता आणि तो जास्त टोकदार होता. केंद्राच्या निकषांत एका कुटुंबाला तीनच मोठ्या दुधाळ जनावरांपर्यंत मदत देता येते. या वेळच्या पॅकेजात राज्य सरकारने ती अट काढली. जेवढी जनावरं दगावली तेवढ्यांचे पैसे. दादाला त्याचाच फायदा झाला. तीनच्या अटीत त्याला गाईंचे १,१२,५००च मिळाले असते. अट निघाल्यामुळे पाच गाईंचे १,८७,५०० आणि दोन कालवडींचे ४० हजार, असे सव्वादोन लाखांच्या वर गेले.

"ती अट काढायला नको होती," बाबा म्हणाले. भाच्याच्या तोंडावर म्हणाले.

"मामा!"

"ऐक. तीनची अट कुणासाठी होती? जिचं घर दोन म्हशींवर चालतं, तिच्यासाठी. ती पूर्ण बुडते आणि तिला पूर्ण मिळतं. ज्याच्याकडे पन्नास गाई आहेत, मिल्किंग मशिन आहे, त्याच्या पन्नासच्या पन्नास गाईंचे पैसे सार्वजनिक निधीतून का द्यायचे? धंदा एवढा वाढवला तर त्याने विमा उतरवायला हवा. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्राने पशुधन विम्याच्या हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा पंधरा टक्क्यांवर आणलाय. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. मोठ्या दहा जनावरांपर्यंत मिळतो. तू का नाही घेतलास?"

दादाने हात कानाला लावला. "यासाठी."

विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात टॅग असतो. दाव्याच्या वेळी तो टॅग हजर करावा लागतो, सहसा कानाच्या तुकड्यासकट. टॅग नाही तर दावा नाही, ही ओळ गोठेवाल्यांच्या तोंडी म्हणीसारखी असते. दादाच्या पाच गाईंपैकी दोनच सापडल्या, त्याही चौथ्या दिवशी, नदीच्या पलीकडच्या काठावर बाभळीत अडकलेल्या. बाकीच्या कुठवर गेल्या, कुणास ठाऊक.

"नायलॉनचं दावं भिजलं की गाठ सुटत नाही," तो सांगत होता. "विळ्याने कापली. चार जनावरं मोकळी केली. दोन बाहेर पडली, ती वाचली. दोन दारातून माघारी फिरली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. गाईला गव्हाण सोडवत नाही. आता त्यांचे कान कुठून आणू?"

२६ जुलै २००५च्या पुरात मुंबईतल्या तबेल्यांतल्या म्हशीही अशाच जागच्या जागी बुडाल्या होत्या. आमच्या पिढीतल्या विक्रोळीकरांना त्या दिवसाचं पाणी आठवतं, अडकलेली माणसं आठवतात. म्हशींची आठवण क्वचितच कुणी काढतं.

विम्याच्या अटीवर बाबांनी हार मानली नाही. "अट नसेल तर मेलेल्या गाईंची संख्या जिवंत गाईंपेक्षा जास्त होईल. मी हे पाहिलेलं आहे." मग ते लम्पी त्वचारोगाच्या दिवसांवर आले. ऑगस्ट २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला त्या साथीतलं राज्यातलं पहिलं जनावर सापडलं आणि महिन्याभरात रोग पसरला. गायवर्गाला होणाऱ्या या रोगाचा विषाणू माशा, डास, गोचिडांवाटे पसरतो. राज्यातला गोवंश २०१९च्या पशुगणनेनुसार १ कोटी ३९ लाख. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची ठरली, गावोगाव मोफत. सरकारने दगावलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ आणि वासराला १६ हजार जाहीर केले. तेव्हा इकडे मुंबईत लोक दूध प्यावं का नाही, असं विचारत होते. माणसाला हा रोग होत नाही, हे बाबा फोनवर नातेवाइकांना सांगून थकले होते.

"त्या मदतीत सरकारचा स्वार्थ होता, आणि तो चांगला स्वार्थ होता," बाबा म्हणाले. "गाय आजारी आहे हे शेतकऱ्याने लपवलं तर रोग पसरतो. पैसे मिळणार असतील तर तो स्वतः येऊन सांगतो. २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. कोंबड्या मारायच्या पथकात मी होतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, फेब्रुवारीचं ऊन. जिथे लोकांना भरपाईची खात्री होती तिथे त्यांनी पोल्ट्रीचं दार उघडलं. जिथे नव्हती तिथे परसातल्या कोंबड्या माळ्यावर गेल्या. रोगातली भरपाई म्हणजे खरी माहिती मिळण्यासाठी दिलेले पैसे. ते मी बाजारभावाने द्यायला तयार आहे. ब्रिटनने २००१मध्ये लाळ्या-खुरकुतात साठ लाखांच्या वर जनावरं मारली आणि बाजारभावाने पैसे दिले. पण पुरात लपवण्यासारखं काही नसतं. तिथे मदत माणुसकीची, आणि माणुसकीने आधी लहान माणसाकडे बघावं."

मला हा भेद कधी सुचला नव्हता. तो बरोबर आहे, असं मला वाटतं. त्यातून जो निष्कर्ष बाबा काढतात तो मात्र मला पुरता पटत नाही, आणि दादानेही तो तिथेच धरला.

"लपवण्यासारखं नसतं, पण विकण्यासारखं असतं. पाणी ओसरून तिसरा दिवस नव्हता झाला, व्यापारी दारात हजर. उरलेल्या दोन गाई अर्ध्या भावात मागत होता. गोठ्यात चारा नाही, कडब्याची गंज वाहून गेलेली, मुरघासाच्या बॅगांत चिखल. गव्हाणीत टाकायला काही नसताना गाय किती दिवस धरून ठेवणार? आमच्या वस्तीवर चाऱ्याचे ट्रक आले ते लोकांचे, मंडळांचे. एक लातूरकडून आला, एक कोल्हापूरकडून. त्या ट्रकांनी माझ्या दोन गाई राखल्या. पंचनाम्याचे पैसे तेव्हा वाटेवर होते. शेजारच्या दोघांनी विकल्या. त्यांच्या गोठ्यातलं दूध कायमचं बंद झालं, आणि ते कुठल्याच यादीत नाही, कारण गाय मेलेली नाही, विकलेली आहे."

यावर बाबा गप्प झाले. मग त्यांनी स्वतःच आठवण काढली: २०१९च्या दुष्काळात चारा छावण्यांत शेवटी शेवटी मोठ्या जनावराला दिवसाला १०० आणि लहानाला ५० रुपये दर होता. माणदेशात, सांगोल्यात बायकामाणसं जनावरांबरोबर महिनोन्‌महिने छावणीत राहिली. दुष्काळात सरकार जिवंत जनावर जगवायला पैसे देतं. पुरात ते मेलेलं जनावर मोजायला येतं. चाऱ्याची तरतूद आपत्तीच्या निकषांत आहे, पण पुराच्या गडबडीत ती मागे पडते, हे त्यांनी कबूल केलं. "पहिल्या आठवड्यात उरलेल्या प्रत्येक जनावरामागे चारा किंवा चाऱ्याचे पैसे, हे व्हायला हवं. यात माझं दुमत नाही."

तीनच्या अटीवर मात्र ते ठाम राहिले.

कालवडींचा विषय दादानेच काढला. दोनपैकी एक कालवड सात महिन्यांची गाभण होती. पंचनाम्यात ती लहान जनावरांत धरली गेली, वीस हजारांना. निकषांची रचनाच तशी आहे: दूध देणारी जनावरं, ओढकामाची जनावरं आणि वासरं. गाभण कालवड यातल्या कुठल्या रकान्यात बसवायची? ती अजून दूध देत नाही आणि वासरूही उरलेली नाही. दोन महिन्यांनी ती गोठ्यातली सगळ्यात महागडी गाय होणार होती. जन्मापासून तिच्यावर फक्त खर्च झाला होता आणि उत्पन्न सुरू व्हायची वेळ आली होती.

"हे चूक आहे," बाबा लगेच म्हणाले. "सहा महिन्यांच्या पुढची गाभण कालवड दुधाळच धरायला हवी. पोटातलं वासरू हाताला लागतं, तपासणाऱ्याला कळतं. कृत्रिम रेतनाची नोंदही असते." नोकरीत असताना तुम्ही काय लिहिलं असतं, असं दादाने विचारलं. "तेव्हा मीही रकाना बघितला असता," बाबा म्हणाले, आणि त्यांनी ते सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

मग विषय निघाला दादाच्या शेजारच्या काकूंचा. त्यांच्याकडे जमीन नाही. सहा शेळ्या होत्या, ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोपीत. सहा चोक चोवीस हजार रुपये ही त्यांची हक्काची मदत, आणि त्यांच्या घरासाठी ती दादाच्या सव्वादोन लाखांपेक्षा मोठी. पण शेळ्यांच्या कानात बिल्ले नव्हते. १ जून २०२४पासून महाराष्ट्रात कानातल्या बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री बंद आहे, आणि नैसर्गिक आपत्तीत दगावलेल्या जनावराला बिल्ला नसेल तर भरपाई नाही, असा नियम आहे. गाईंचं टॅगिंग डेअरीमुळे झालं. २०२४मध्ये लिटरमागे पाच आणि पुढे सात रुपयांचं गाईच्या दुधाचं अनुदान जाहीर झालं, ते मिळवायचं तर पिवळा बिल्ला लागायचा. शेळ्यांना कोण विचारतं? सातबारा नाही, म्हणून शेतकऱ्यांच्या यादीतही नाव नाही.

"या वेळी मोबाइलवरचा फोटोही चालेल असं सरकारने सांगितलं होतं ना," बाबा म्हणाले.

"मामा, त्यांच्याकडे साधा फोन आहे. बटणांचा. आणि शेळ्यांचा फोटो काढून ठेवतं का कुणी? शेवटी गावातल्या एका मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत, मांडवाच्या मागे, त्यांच्या चार शेळ्या दिसल्या. ती चित्रफीत थांबवून फोटो काढला आणि जोडला. दोन शेळ्या त्यात नव्हत्या."

चार शेळ्यांचे पैसे मिळाले. दोन शेळ्यांचे आठ हजार राहिले.

ज्या माणसासाठी बाबा तीनची अट राखू पाहतात, त्या माणसाला अट असो वा नसो, पुरावाच देता येत नाही, हे मला त्या चार शेळ्यांमुळे समजलं. रकमेवरून आपण भांडतो, पण रकमेआधी एक दार आहे. पुराने ज्याचं सगळं नेलं त्यालाच आपण विचारतो की काय काय नेलं ते दाखव. मृत जनावर दाखव, कान दाखव, फोटो दाखव. माझं म्हणणं मी दोघांपुढे ठेवलं: जनावरांची नोंद सरकारकडे आधीपासून असली पाहिजे. भारत पशुधन या प्रणालीत प्रत्येक बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक आहे, त्याखाली लस कधी दिली, रेतन कधी झालं याची नोंद होते. पूर आलेल्या महसूल मंडळात ज्या जनावराची अलीकडची नोंद आहे आणि मालक सांगतो की ते गेलं, ते गेलंच असं धरून पहिले दहा हजार आठवड्यात खात्यावर टाका. शंका असेल तर चौकशी नंतर करा, आणि ती सरकारने करावी. आणि बिल्ला मारायला डेअरीच्या अनुदानाची वाट न बघता शेळ्या-मेंढ्यांपासून सुरुवात करा, आधी भूमिहीनांच्या दारात जा.

बाबांनी माझा प्रस्ताव लगेच उधळला. "नोंदी खऱ्या आहेत असं समजतेस? लोणंदच्या बाजारात विकलेली गाय दोन वर्षांनंतरही जुन्या मालकाच्या नावावर असते. बिल्ला तुटतो, कुणी कळवत नाही. लसीकरणाच्या मोहिमेत घाईने आकडे भरले जातात. या नोंदीवर पैसे वाटलेस तर ज्याने गाय विकली त्याला मिळतील, आणि ज्याची बुडाली तो तसाच राहील."

"मग बाजारातच बदला की नाव," दादा म्हणाला. "बिल्ल्याशिवाय सौदा होत नाही ना आता? पावती फाडताना विकणारा, घेणारा दोघंही समोर असतात. तिथेच बारा आकडे टाकायचे, नाव फिरवायचं. जनावर गाडीत चढायच्या आत काम झालं."

बाबांनी हे मनावर घेतलं. बाजार समितीच्या माणसाला प्रणालीत किती अधिकार द्यावा लागेल, घरच्या घरी झालेल्या सौद्यांचं काय, शेळ्या तर दारातच खाटकाला विकल्या जातात, तिथे कोण पावती फाडणार, असे प्रश्न ते स्वतःच काढत गेले आणि स्वतःच काहींची उत्तरं देत गेले. पुण्याच्या पशुसंवर्धन आयुक्तालयाला पत्र लिहायचं, गाभण कालवडीचा मुद्दाही त्यात घालायचा, हे ठरलं. मसुदा दादाने सांगायचा आणि बाबांनी सरकारी भाषेत बसवायचा.

"आणि तीनची अट?" दादाने विचारलं.

"ती पत्रात नाही. तिच्यावर माझं मत तेच आहे. या वेळची सूट या पॅकेजापुरती होती, पुढच्या पुरात ती नसेल असं धरून चाल. दोन गाई आहेत, आणखी दोन घेशील. त्या दारात आल्याच्या दिवशी विमा उतरव."

"कान आणून द्यायची अट काढायला लावा, मामा. पत्रात पहिला मुद्दा तो लिहा. मग चारही उतरवतो."

बाबांनी कागदावर एक आकडा घातला आणि त्यापुढे ते लिहू लागले.